दहा फुटांची रिंग आणि आम्ही बुटके

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून १० फुटांवरच का असते, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला नसेल. मला पडला होता, आणि त्याचं कारण उघड आहे. माझी उंची ५ फूट ४ इंच. उत्तर सापडलं तेव्हा हसूच आलं. या १० फुटांमागे कसलंही शास्त्र नाही.

१८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीएच्या शाळेत जेम्स नेस्मिथ नावाच्या मास्तरांकडे १८ दांडगे विद्यार्थी होते. बाहेर थंडी, आत कंटाळा. मास्तरांना असा खेळ हवा होता ज्यात कोणाचं डोकं फुटणार नाही. गोल जमिनीवर उभा ठेवला की लोक चेंडू जीव खाऊन मारतात, म्हणून त्यांनी गोल आडवा केला आणि डोक्याच्या वर नेला. आता चेंडू अलगद, कमान करूनच टाकावा लागणार. पीचच्या दोन टोपल्या मिळाल्या, त्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, आणि तो कठडा होता १० फुटांवर. झालं! सुताराने कठडा ८ फुटांवर बसवला असता तर माझं आयुष्य थोडं वेगळं झालं असतं. :-)

म्हणजे मुळात हा खेळ ताकदीला आवर घालून कौशल्याला वाव देण्यासाठी निघाला. त्या पहिल्या १८ जणांत गेन्झाबुरो इशिकावा नावाचा एक जपानी विद्यार्थी होता. आणि डंकन पॅटन होता, दोन कप्तानांपैकी एक. हाच पॅटन पुढे भारतात आला आणि १८९४ मध्ये त्याने इथे बास्केटबॉल आणला असं मानलं जातं. खेळ जन्माला आल्यावर तीन वर्षांत आपल्याकडे! क्रिकेटच्या गदारोळात हे कोणी सांगत नाही. असो.

पण खेळ कौशल्यासाठी काढला म्हणून उंच माणसं गप्प थोडीच बसणार? पूर्वी प्रत्येक बास्केटनंतर मध्यावर येऊन पुन्हा चेंडू वर उडवायचे. ज्या संघाकडे उंच माणूस, त्यालाच परत परत चेंडू. अमेरिकेत हा प्रकार १९३७ मध्ये बंद झाला.

त्याच्या आदल्या वर्षीची बर्लिनची गंमत मला सगळ्यात आवडते. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून आला. आंतरराष्ट्रीय संघटनेने स्पर्धेच्या काळातच नियम करून टाकला की ६ फूट ३ इंचांपेक्षा उंच खेळाडूंना बंदी! अमेरिकेचे तीन खेळाडू बाद झाले असते, त्यात ६ फूट ८ इंचांचा जो फोर्टनबेरीही आला. अमेरिकेने आक्षेप घेतला आणि नियम मागे घेतला गेला. मग अंतिम सामना झाला तो उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टवर, धो धो पावसात. चिखलात चेंडू उसळेना, त्यामुळे ड्रिबलिंग बंद. अमेरिका १९, कॅनडा ८. नेस्मिथ स्वतः त्या ऑलिंपिकला हजर होते. आपल्या खेळाचं हे रूप पाहून त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

उंचीवर थेट बंदी तेव्हा टळली, पण आडून आडून ती पुढे येतच राहिली. रिंगमध्ये उतरणारा चेंडू वरच्या वर अडवायला १९४४ मध्ये अमेरिकी कॉलेजांत मनाई झाली. ६ फूट १० इंचांच्या जॉर्ज मायकनला रिंगपासून लांब ठेवायला १९५१ मध्ये एनबीएने रिंगखालचा पट्टा ६ फुटांचा १२ फूट केला. १९५४ मध्ये २४ सेकंदांचं घड्याळ आलं, खेळ वेगवान झाला. लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण एनबीएत १९७९ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांत १९८४ मध्ये मिळू लागले. यातला एकही नियम बुटक्यांच्या प्रेमापोटी केलेला नाही, सामना बघणाऱ्याला मजा यावी म्हणून केलेले आहेत. पण फायदा आमचा झाला, आणि आम्ही तो मुकाट्याने घेतला.

आता माझी गोष्ट, कारण "काका, तुम्ही खरंच टीममध्ये होतात?" असं पुतणीने विचारल्यापासून हे सगळं डोक्यात घोळतंय. होतो. १९९४ साली, अकरावीत, वाशीला.

वाशी तेव्हा आत्ताची नव्हती. सिडकोच्या इमारती, मधे मोकळी मैदानं, खाडीचा वारा. हार्बर लाइन पूल ओलांडून वाशीला आली होती त्याला दोनच वर्षं झाली होती. कॉलेजच्या सिलेक्शनला आमच्या सरांनी भिंतीवर खडूने ५ फूट ८ इंचांवर रेघ मारली. रेघेच्या वर डोकं गेलं तर उजवीकडे उभं राहायचं, नाहीतर डावीकडे. डावीकडच्यांना चेंडू मिळालाच नाही. मला सर म्हणाले, "तू स्कोअर लिहायला बस, अक्षर चांगलं आहे तुझं." अक्षर खरंच चांगलं होतं, त्यामुळे अपमान जास्त झाला.

मी स्कोअर लिहायला बसलोही. पण लिहिता लिहिता एक गोष्ट दिसायला लागली. आमचा उंच संघ हरत होता तो रिंगखाली नव्हे, तर रिंगपर्यंत पोचण्याआधीच. समोरच्याने पूर्ण कोर्टभर अंगाला अंग लावून अडवलं की आमच्या ताडमाडांच्या हातातून चेंडू जायचा. तेव्हा १० सेकंदांत चेंडू मध्यरेषेपार न्यावा लागे (२००० पासून आठच मिळतात). वहीत मी बास्केटच्या शेजारी चेंडू कुठे गमावला त्याच्याही फुल्या मारत होतो. बहुतेक फुल्या आमच्याच अर्ध्यात पडायच्या.

कोणीतरी सांगितलं, ड्रिबलिंग शिकायचं तर नागपाड्याला जा. घरी सांगितल्यावर आईचा चेहरा उतरला. ९२-९३ च्या दंगलींना वर्षच लोटलं होतं आणि नागपाडा, डोंगरी ही नावं आमच्याकडे आवाज खाली करून घेतली जायची. बाबा दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी येतो सोबत." कुर्ल्याला गाडी बदलून भायखळा, तिथून चालत. बाबा कोर्टच्या कडेला पेपर वाचत बसले. दुसऱ्या रविवारी त्यांच्या हातात पेपर होता, पण उघडला नव्हता. तिसऱ्या रविवारी ते एका दाढीवाल्या चाचांशी रेल्वेच्या पगारवाढीवर बोलत होते. चौथ्या रविवारी मी एकटा गेलो.

नागपाडा म्हणजे मुंबईच्या बास्केटबॉलचं आजोळ. क्लिफर्ड मॅनशार्ड या अमेरिकन मिशनऱ्याने १९२७ च्या सुमारास तिथे नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केलं. यानेच पुढे १९३६ मध्ये टाटांच्या पैशावर समाजकार्याची शाळा काढली, तीच आजची टिस. नागपाड्याच्या दाट वस्तीत एवढ्याशा जागेत मावणारा खेळ रुजला, मस्तान वायएमसीएचं कोर्ट गजबजू लागलं. भारताचा कप्तान झालेला, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारा अब्बास मुंतसीर याच गल्ल्यांतला. मी गेलो तेव्हाही पोरं त्याचं नाव घरातल्या माणसासारखं घ्यायची.

तिथे मला कोणी उंची विचारली नाही. चेंडू गुडघ्याच्या वर येऊ द्यायचा नाही, एवढं एकच पहिले तीन रविवार शिकवलं. साधा हिशेब आहे. चेंडू जितका खाली, तितका तो हाताबाहेर कमी वेळ राहतो, आणि उंच माणसाला तो काढून घ्यायला कमरेत वाकावं लागतं. तो वाकला की तुम्ही निघून जायचं. मग शिकवलं ते हात पोचायच्या आत, धावता धावता चेंडू उंच कमानीत सोडणं. नेस्मिथ मास्तरांना हवी होती तशीच कमान.

दिवाळीनंतर मी वही घेऊन सरांकडे गेलो आणि फुल्या दाखवल्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "उद्या बूट घालून ये." सराव सामन्यात त्यांनी दोन-दोन जण माझ्या अंगावर सोडले. मी एकही बास्केट केली नाही, पण चेंडू सात वेळा पलीकडे नेला. बारा जणांच्या यादीत माझं नाव बारावं होतं. वर्षभरात फार खेळलो नाही, पण समोरच्याने कोर्टभर अडवायला सुरुवात केली की सर बाकाकडे वळून माझ्याकडे बघायचे. खडूची रेघ पुढच्या वर्षीही मारली गेली, हेही सांगायला हवं.

वॅट मिसाका मला खूप नंतर कळला. ५ फूट ७ इंच, जपानी आईबापांचा अमेरिकेत जन्मलेला मुलगा. १९४७ मध्ये त्याच्या युटाच्या संघाने केंटकीला हरवलं तेव्हा त्यांच्या राल्फ बिअर्ड या मोठ्या खेळाडूला त्याने एका गुणावर रोखलं. त्याच वर्षी न्यूयॉर्क निक्सने त्याला घेतलं. महायुद्ध संपून दोनच वर्षं झालेली, आणि त्या लीगमधला तो पहिला गोरेतर खेळाडू. तीन सामने खेळला, सात गुण केले, मग संघाने सोडून दिलं. तो घरी जाऊन इंजिनिअर झाला. कोणाला हे अपयश वाटेल. मी बारावा होतो, मला तसं वाटत नाही.

मग्सी बोग्ज सगळ्यांना माहीत असतो. ५ फूट ३ इंच, माझ्याहून एक इंच कमी! १९८७ मध्ये एनबीएत आला आणि १४ मोसम टिकला. पहिल्याच वर्षी त्याच्या संघात ७ फूट ७ इंचांचा मनुट बोल होता. दोघांचा शेजारी उभा असलेला फोटो बघून लोक अजून हसतात. बोग्ज मात्र म्हणे गमावल्यापेक्षा कितीतरी जास्त चेंडू दुसऱ्यांच्या हातात अचूक देत राहिला.

आपल्याकडे २०१५ मध्ये ७ फूट २ इंचांच्या सतनाम सिंगला डॅलसने निवडलं तेव्हा वाटलं, झालं, आता सगळे टेप घेऊन फिरणार. फिरलेच. पुतणी आठवीत आहे, ४ फूट १० इंच. तिच्या सिलेक्शनलाही आधी उंची मोजली. मी तिला पॅरिस ऑलिंपिकमधला जपान-फ्रान्स सामना दाखवला, ३० जुलै २०२४ चा. युकी कावामुरा, १७२ सेंटिमीटर, समोर वेंबान्यामा नावाचा मनोरा. कावामुराने २९ गुण केले आणि जपान जादा वेळेत ९०-९४ असा हरला. मला वाटलं ती गुणांबद्दल बोलेल. ती म्हणाली, "काका, तो चेंडूकडे बघतच नाही."

सध्या नेरूळला त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती डोळे वर ठेवून ड्रिबलिंग करते. सेक्रेटरींनी नोटीस लावली आहे की रात्री आठनंतर चेंडू आपटू नये. ती साडेसहाला सुरू करते, आणि आठला खालच्या मजल्यावरच्या आजी दार उघडून "झालं का गं?" असं विचारतात.