बोलक्या स्पीकरचा राखीव निधी



गेल्या पावसाळ्यात एका पहाटे आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, खोलीतून हाका ऐकू आल्या. मला वाटलं मलाच बोलावताहेत. जाऊन बघते तर त्या कोपऱ्यातल्या स्पीकरला हाका मारत बसल्या होत्या. रात्रीपासून लाईट नव्हती, त्यांना ते कुठून कळणार? वय ८८, डोळ्यांना आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. नातवानं तो आवाजावर चालणारा स्पीकर आणून दिल्यापासून पहाटे पाचला त्या आपल्या आपण भक्तामर लावून घ्यायच्या. त्याला मराठी कळत नाही, म्हणून या वयात हिंदीत हाक मारायला शिकल्या. कुणाला उठवावं लागत नाही याचंच त्यांना अप्रूप. त्या पहाटे मला म्हणाल्या, "आले बघ परत तुझ्यावर."

मला ते फार लागलं. मग घरात आवाजाची यंत्रं बंद पडली की पूर्वी आपण काय करायचो, हे आठवत आणि वाचत बसले.

माहेरी आजोबांचा चावीचा ग्रामोफोन होता. अमेरिकेत एल्ड्रिज जॉन्सन नावाच्या कारागिरानं १८९६ च्या सुमारास त्याला स्प्रिंगची मोटर बसवली, तोवर हातानं गोल फिरवत राहावं लागे. स्प्रिंग सैल झाली की बाईचा आवाज जाडा होत होत बुवासारखा व्हायचा आणि आम्ही पोरं हसायचो. परत चावी दिली की झालं. जोडीला लागायची ती फक्त सुयांची डबी, कारण दर बाजूला नवी सुई. विजेशी त्याचा संबंधच नव्हता.

व्हॉल्वचा रेडिओ आला आणि घर पहिल्यांदा तारेला बांधलं गेलं. लाईट गेली की रेडिओ म्हणजे नुसतं लाकडी कपाट. त्यातून सोडवलं ट्रान्झिस्टरनं. १९५४ साली अमेरिकेत रीजन्सी टीआर-१ हा खिशातला रेडिओ विक्रीला आला, आत फक्त चार ट्रान्झिस्टर. पुढे १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली आणि आपल्याकडे लग्नात टू-इन-वन देण्याची पद्धत पडली. माझ्या लग्नातला अजून माळ्यावर आहे. त्याची मागची पिन आठवते का? वायर खोचलेली असली की आतले सेल बाजूला पडायचे. लाईट गेली की पिन उपसायची, की सेलवर सुरू. ते सेल आत विसरले तर पाझरून पत्रे हिरवे व्हायचे, हा भाग वेगळा. अंधारात चाचपडतसुद्धा जमेल असं ते काम होतं.

आवाज ओळखणारं यंत्र मात्र मला वाटलं होतं तितकं नवं नाही. १९२० च्या दशकात 'रेडिओ रेक्स' नावाचं खेळणं निघालं होतं. घरकुलात बसलेला कुत्रा, "रेक्स" म्हटलं की उडी मारून बाहेर. 'रेक्स'मधल्या 'ए'च्या कंपनानं विद्युतचुंबकाचा प्रवाह तुटायचा आणि स्प्रिंग सुटायची, एवढंच. १९५२ मध्ये बेल प्रयोगशाळेतलं 'ऑड्रे' यंत्र शून्य ते नऊ आकडे ओळखू लागलं. १९६२ मध्ये आयबीएमच्या 'शूबॉक्स'ला सोळा शब्द कळत होते. बुद्धी बेताची, पण होती ती यंत्राच्या पोटातच.

नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनचा इको आला, भारतात तो ऑक्टोबर २०१७ मध्ये पोचला. इथे सगळा कारभारच बदलला. डबा स्वतः फक्त आपली हाक ओळखतो. पुढचं वाक्य दूरच्या संगणकाकडे जातं, अर्थ तिकडे लागतो, उत्तर परत येतं. म्हणजे लाईट, राऊटर, बाहेरची तार आणि कंपनीचा संगणक, या चारांतलं एक जरी रुसलं तरी भक्तामर बंद.

भारतातल्या गिऱ्हाइकांसाठी डिसेंबर २०१९ मध्ये बॅटरीवाला इको इनपुट निघाला, ४८०० मिलिॲम्पिअर-अवरची बॅटरी. चांगली सोय, पण राऊटरच बंद असेल तर ती बॅटरी घेऊन करायचं काय? आणि लाईट-नेट शाबूत असूनही अडचण येते. २० ऑक्टोबर २०२५ ला व्हर्जिनियातल्या ॲमेझॉनच्या संगणक केंद्रात एका सेवेचा पत्ता नोंदवहीतून कोराच झाला आणि अलेक्सासकट कितीतरी सेवा अडल्या. ७ डिसेंबर २०२१ लाही तिथेच असं झालं होतं.

बी.कॉम.ला आम्हाला राखीव निधी शिकवताना सर बजावायचे, पैसा त्याच धंद्यात अडकवला तर त्याला निधी म्हणू नका, तो बाहेरच्या रोख्यांत ठेवा. मुलानं सुचवलं, असाच दुसरा स्पीकर घेऊन ठेवू. मी म्हटलं, ते तर त्याच धंद्यात पैसे घालणं झालं. राऊटरसाठी छोटा यूपीएस मात्र घेतला, त्यावर दोन-तीन तास निघतात. मोबाईलचं नेट ही वेगळी तार झाली खरी, पण गुळगुळीत काचेवर आईंच्या बोटांना काय सापडणार?

इको इथे आला त्याच २०१७ साली सारेगामाचा कारवां निघाला होता, दिसायला जुन्या रेडिओसारखा, पाच हजार गाणी पोटात भरलेली, चार्जिंगवर चालणारा. घरातल्या तरुणांनी तेव्हा नाक मुरडलं होतं. आम्ही त्याच जातीचा, पण साधा, मेमरी कार्डाचा डबा घेतला. त्याला नेट लागत नाही. कार्डावर आईंच्या रोजच्या क्रमानं पहिलं भक्तामर, मग बाकीचं.

आठ बटणं होती आणि सगळी सारखी. पहिले दोन दिवस आईंचा गोंधळ उडाला, चिडून त्यांनी डबा बाजूला सारला. मग मी माझ्या पाकिटातली खड्याची टिकली काढून चालू करायच्या बटणावर चिकटवली आणि आवाजाच्या बटणाला फेविकॉलचा एक थेंब लावला, तो वाळून टणक झाला. उरलेल्या बटणांवर चिकटपट्टी. त्यांनी बोट फिरवलं, टिकली लागली, दाबली.

आता रोज त्या स्पीकरलाच हाक मारतात, डबा उशाशी असतो. दर चतुर्दशीला उपास सोडायच्या आधी त्या मला विचारतात, "डबा चार्जिंगला लावलास का ग?" मागच्या खेपेला मी विसरले होते. टिकलीही एकदा निघाली होती, गादीखाली सापडली.