गॅलिपोलीची माघार

दोस्तांनी गॅलिपोली का सोडली? तुर्कांचा पराक्रम, हे उत्तर खरे असले तरी आम्हांस अपुरे वाटते. एप्रिल १९१५ मध्ये उतरलेले सैन्य किनाऱ्यालगतच अडकले. ४ जूनला १४ व्या शीख पलटणीचे बहुसंख्य जवान पडले. ऑगस्टचा सुव्हला येथील प्रयत्नही फसला. ऑक्टोबरात बल्गेरिया शत्रूस मिळताच जर्मन तोफांना वाट मोकळी होऊ लागली, तर दोस्तांची कुमक सालोनिकाकडे वळली. जनरल मन्रो यांनी मोठी हानी गृहीत धरूनही माघारच सुचविली. प्रत्यक्षात डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींत सैन्य जवळजवळ अक्षत निघाले. गेलेल्या प्राणांची भरपाई नव्या प्राणांनी होत नाही, हे ओळखण्यास आठ महिने लागले, हीच आमच्या मते या मोहिमेची खरी शोकांतिका होय.