चौकातला ‘मी’

शहापूर, मुरबाड ते डहाणूपर्यंतच्या वारली वस्तीत लग्नाचा चौक, म्हणजे विवाहविधीचे भिंतीचित्र, लिहिणाऱ्या सवाशिणींनी भिंतीवर कधी नाव घातले नाही. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींमुळे तांदळाच्या पिठाची ही चित्रे कागदावर आली, वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे नाव गाजले आणि सहीचा कलावंत दिसू लागला. म्हणून त्याआधी ‘मी’ नव्हताच, असे म्हणता येईल का?

चौक हा विधी आहे; पालघट देवी त्यात हवीच, मग निवड कुठली, असा आक्षेप येईल. पण चौकटीच्या किनारी, भोवतालची झाडे, माणसे यांची मांडणी हातागणिक बदलते. स्वत्व तिथे होतेच. त्यावर मालकी सांगण्याची गरज मात्र बाजाराने निर्माण केली. सहीने कलावंताला ओळख आणि मोबदला दिला, हे खरेच. कलावंतपण मात्र सहीच्या आधीचे आहे.