व्यवसाय आणि अवसान: एका पाटीची कुळकथा

अर्धांगाच्या झटक्यानंतर आत्याची फिजिओथेरपी सुरू झाली आणि काही दिवसांनी डॉक्टरांनी कागदावर आणखी एक विभाग लिहून दिला. दारावर पाटी होती, 'व्यवसायोपचार'. आत्या म्हणाली, "अरे, या वयात मला कसला धंदा शिकवतायत?"

आत धंदा नव्हता. एका टेबलावर पोळपाट-लाटणं, दुसऱ्यावर बटणं, हुक आणि नाड्या शिवलेली फळी. तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की कपडा घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना तोच शेवटी काढायचा. ताटाखाली ओलं फडकं अंथरायचं, म्हणजे एका हाताने जेवताना ताट सरकत नाही. चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड करायचा. आत्या आपल्या हाताने जेवू लागली. मी मात्र त्या पाटीत अडकलो.

या विद्येचा, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचा, इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो कुठेही मिळेल. जॉर्ज बार्टन हा अमेरिकन वास्तुविशारद. क्षय, हिमदंशाने गमावलेला पायाचा भाग आणि डाव्या अंगाचा पक्षाघात यांतून तो सुतारकाम आणि बागकाम करत सावरला. 'ऑक्युपेशनल थेरपी' हे नाव त्याने १९१४ मध्ये रूढ केलं. मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्जला, त्याच्या घरी, या विद्येची पहिली संस्था स्थापन झाली. आपल्याकडे ती आणली कमलाबाई निंबकरांनी. या जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर. फलटणचं बालभवन ज्यांच्या नावाने चालतं त्या याच. १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये त्यांनी सुरू केलेली शाळा आशियातली पहिली मानतात. १९५२ मध्ये जागतिक महासंघ झाला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता.

आता शब्द. 'ऑक्युपेशन'च्या मुळाशी लॅटिन 'कापेरे' आहे, म्हणजे हातात धरणं. त्यावरून ताबा घेणं, मग वेळ व्यापणं, मग वेळ व्यापणारं काम, आणि शेवटी पोटापाण्याचा धंदा. भाषांतर करणाऱ्याने कोशातला हा शेवटचा अर्थ उचलला असावा. जर्मनांचीही अशीच पंचाईत झाली होती. त्यांच्या जुन्या नावातून रोग्याला नुसतं गुंतवून ठेवण्याचा वास येई. १९९९ पासून त्यांनी कायद्यानेच 'एर्गोथेरापी' हे नाव केलं, ग्रीक 'एर्गोन'वरून, म्हणजे कार्य. माझा एक मित्र म्हणतो, आपणही 'कृत्युपचार' करून मोकळं व्हावं.

मी म्हणतो, हात लावू नका! चुकून का होईना, शब्द नेमका पडला आहे. संस्कृतात 'व्यवसाय' म्हणजे आधी धंदा नव्हे, निश्चय. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली 'व्यवसायात्मिका' बुद्धी काही दुकान टाकायला निघालेली नाही. फोड अशी: वि, अव आणि 'सो' हा धातू. धातुपाठात तो 'षो' असा येतो, अर्थ शेवटास नेणं. याच 'अव' आणि 'सो'पासून होतो 'अवसान'. म्हणजे व्यवसाय आणि अवसान ही सख्खी भावंडं.

संस्कृतात अवसान म्हणजे थांबा, शेवट. मराठीत मात्र आपलं अवसान गळतं, माणूस उसनं अवसान आणतो, ऐन वेळी पाठ फिरवणारा अवसानघातकी ठरतो. शेवटाचा धीर कसा झाला? मित्राचा पक्ष असा की झालाच नाही. हे अवसान वेगळंच, हिंदी-उर्दूतल्या 'औसान'चं, म्हणजे शुद्धीचं, भावंड. पंडितांनी त्याला संस्कृत अंगरखा चढवला. असे अंगरखे मराठीत पुष्कळ आहेत, हे मान्य. पण शुद्ध हरपते, ती कोणी उसनी आणत नाही. उसना आणायचा तो निर्धार. आणि निर्धार या घराण्यात पिढीजात आहे: व्यवसाय, अध्यवसाय, दोन्हींत तोच. काम शेवटाला नेण्याची ताकद म्हणून आधी 'अवसान' आणि मग धीर, असं मी धरतो. मधला दुवा हातात नाही, पण घराण्याचं नाक ओळखू येतं. मित्र हसतो. हसू दे.

माझी खात्री पटली ती कोशाने नव्हे, बटणाने. भेटायला येणाऱ्यांसमोर आत्या उसनं अवसान आणून बसायची, ते गेले की म्हणायची, "आता काही होणार नाही माझ्याच्याने." मॅडमनी ब्लाउजची चार बटणं स्वतः लावली आणि पाचवं तिच्यासाठी सोडलं. सुरुवात तिची नाही, शेवट तिचा. ते जमल्यावर शेवटची दोन, मग तीन. ही त्यांच्या विद्येतली ठरलेली युक्ती आहे, शिकवणं शेवटाकडून मागे सरकत न्यायचं, म्हणजे पहिल्या दिवसापासून काम रोग्याच्याच हाताने पुरं होतं. धातू 'सो', अर्थ शेवटास नेणं. मी हे मॅडमना उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान. पण तुम्ही बाजूला उभे राहा, तुम्ही त्यांना मदत करताय."

मी बाजूला झालो. आत्या चौथ्या बटणावर होती.