दूर्वा, हरळी आणि गोल्फची चिप

लहानपणी जवाहरनगरला गणपतीत दूर्वा आणायचं खातं माझ्याकडे होतं. भाताच्या बांधीच्या धुऱ्यावर बसून एकवीस मोजून घ्यायच्या. शेजारचे काका मात्र तीच हरळी उपटताना शिव्या घालायचे. परवा वाचताना कळलं की उष्ण प्रदेशातल्या बहुतेक गोल्फ कोर्सवरचं 'बर्म्युडा' गवत म्हणजे हीच आपली हरळी! शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हटलं, चला, या वीकएंडचा विषय मिळाला.

साहेबाने गोल्फ इकडे फार लवकर आणला. कलकत्त्याचा क्लब 1829 चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वात जुना. मुंबईत 1842 मध्ये क्लब निघाला. खेळ आणला खरा, पण स्कॉटलंडची भुरभुर पावसाची हवा कुठून आणणार? उन्हाळ्यात गवत करपायचं. म्हणून कित्येक छावण्यांत 'ग्रीन'ऐवजी 'ब्राऊन' असत: वाळूत तेल कालवून दाबलेली सपाट जागा. तेल अशासाठी, की वाऱ्याने वाळू उडू नये.

आता चिप म्हणजे काय? ग्रीनच्या कडेवरून चेंडू थोडासा उचलून टाकायचा आणि पुढे घरंगळत न्यायचा. सोपं वाटतं ना? मी एका ऑफसाइटला करून पाहिलंय. व्हिडिओत गुरुजी मऊ हिरवळीवर वेज उघडा धरून अलगद मारत होते. माझ्यासमोर भाजलेली जमीन. क्लब जमिनीवर आपटून उसळला, धार चेंडूच्या पोटात बसली आणि चेंडू ग्रीन ओलांडून पार पलीकडे!

दोष क्लबच्या तळाचा (आणि अर्थात माझा). जीन सॅराझेनने 1932 च्या सुमारास सँड वेजचा तळ मागून जाड केला, म्हणजे क्लब वाळूत रुतत नाही. या कोनाला 'बाऊन्स' म्हणतात. ओल्या, मऊ जमिनीवर किंवा दाट गवतात तो वाचवतो. टणक जमिनीवर तोच घात करतो. तिथे आठ नंबरची आयर्न घ्यावी, चेंडू मागच्या पायाकडे, वजन पुढच्या पायावर, हात चेंडूच्या पुढे, आणि आधी चेंडूलाच लागेल असा छोटा फटका. चेंडू कमी उडतो, जास्त पळतो. हरळीची पाती आपल्याकडे झुकलेली असतील तर वेज अडकतो. तेव्हाही कमी उताराचा क्लब बरा.

ही अक्कल पुस्तकात नंतर आली, कॅडींच्या हातात आधी होती. रॉयल कलकत्ताच्या ग्रीनकीपरचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरासिया बघत बघत खेळ शिकला. 2008 मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला, 2016 आणि 2017 ला इंडियन ओपन. ग्रीनभोवतीच्या हातोटीमुळे त्याचं टोपणनावच पडलं 'चिपपुटसिया'! त्याआधी 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर, तोही कॅडीच होता. ज्यांना क्लबात सदस्य म्हणून प्रवेश नव्हता, त्यांनाच तिथली माती सर्वात जास्त ठाऊक होती. गंमत आहे की नाही?

अमेरिकेत टिफ्टनला याच हरळीचा आफ्रिकन भाऊबंदाशी संकर करून ग्रीनसाठी 'टिफड्वार्फ'सारख्या बुटक्या जाती निघाल्या. काकांना सांगायला हवं, तुम्ही जी उपटून फेकत होतात ती लोक जपून लावतात. ते हसतील आणि विळा पुढे करतील, हे नक्की.

असो. पुढच्या शनिवारी वेज घरी, आठ नंबर बरोबर.