चुन्याच्या हौदाकाठी, १८५१

लंडन, थेम्सच्या दक्षिणेचं बर्मंडसी, साल १८५१. नदीपलीकडे हाइड पार्कात काचेच्या महालात जगभरचा माल मांडलाय आणि सगळी गर्दी तिकडे लोटलीय. तुम्ही मात्र वेस्टन स्ट्रीटवरच्या चामडेबाजाराला वळसा घालून एका टॅनरीच्या आवारात शिरता. नाकाला रुमाल लावू नका. निम्मी माहिती वासातच आहे.

जमिनीत खणलेले हौद, त्यांत पांढुरकं गढूळ पाणी. दोघं जण लांब दांड्याच्या आकड्यांनी बैलाचं कातडं वर ओढतात. ते फुगून जाड झालंय, निळसर पडलंय. तुम्हाला राहवत नाही, तुम्ही दोन बोटं बुडवता. आधी काहीच होत नाही, मग बोटं एकमेकांवर घसरू लागतात. तुमच्या त्वचेवरच्या तेलाचा साबण होतोय! धुवा लगेच, कारण पुढची पाळी त्वचेच्या वरच्या थराची आहे. तो थर आणि बैलाचा केस, दोन्ही एकाच जातीच्या प्रथिनाचे: केरॅटिन.

केरॅटिनच्या साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. चुन्यातला अल्क हे दुवे तोडतो. कातड्याचा गाभा असतो कोलॅजनचा. त्यात असे दुवे नसतात, म्हणून तो फुगतो पण टिकतो, आणि पुढे चामडं होतं ते त्याचंच. केस सगळा विरघळायची गरजही नसते. मुळाशी असलेल्या कोवळ्या पेशी आधी ढासळतात आणि केस सैल होतो.

चुनाच का? एक तर स्वस्त. दुसरं, तो पाण्यात फार विरघळतच नाही, लिटरला दोन ग्रॅमही नाही. मुकादमानं चार फावडी जास्त टाकली तरी जादाचा चुना तळाशी बसतो, पाणी जास्त जहाल होत नाही. कॉस्टिक सोडा अशी चूक पोटात घालत नाही. कोल्हापूरकडच्या ढोर समाजातल्या कारागिरांनीही चुनाच वापरला. पुढे कातडं कमावताना इथल्या ओकच्या सालीऐवजी बाभळीची साल आणि हिरडा, एवढाच फरक.

आता तिकडच्या कोपऱ्यातला हौद बघा. काळपट, अमोनियाचा भपकारा सोडणारा. तुम्हाला वाटेल, कधीचा उपसायला हवा होता. पण नवं कातडं मुद्दाम आधी ह्याच जुन्या चुन्यात टाकतात आणि मग टप्प्याटप्प्यानं ताज्यात नेतात. आधीच्या कातड्यांच्या केसांतून सुटलेलं गंधक इथं सल्फाइड होऊन साचलंय, जिवाणूंचीही मदत आहे, म्हणून इथं केस लवकर सुटतो. फार दिवस ठेवलं तर कातडं पोकळ, भुसभुशीत होतं, तेव्हा नजर हवीच. मुकादमाला ह्यातलं रसायनशास्त्र कुणी शिकवलेलं नाही. पीएच ही कल्पनासुद्धा १९०९ साली यायची आहे. तरी त्याचा हौद अडाण्याचा नाही.

आठवड्याभरानं ते कातडं उतरत्या, गोलसर लाकडी फळीवर येतं. कारागीर दोन मुठींचं वाकडं, बोथट पातं अंगाचा भार टाकून खाली रेटतो आणि केसांचा अख्खा पट्टा मुळांसकट घसरतो. तुम्ही रेटता तेव्हा पातं अडखळतं. तो हसतो, पुन्हा दाबून फिरवतो. रंध्रांतला काळा मळ पिळून निघतो. हे केस धुऊन, वाळवून गिलावा करणाऱ्यांना विकले जातात.

निघताना दारात बादली दिसेल. कुत्र्यांची विष्ठा! पातळ चामड्यातला चुना काढून ते मऊ करायला ती लागते. लोक ती रस्त्यांवरून वेचून आणतात, आणि भाव चढा असल्यानं काही जण तिच्यात जुन्या भिंतींचा चुना मिसळतात.

आता आजच्या टॅनरीत या. फिरत्या ड्रममध्ये चुन्याबरोबर सोडियम सल्फाइड असतं, आणि काही तासांत केसांचा लगदा होतो. ह्या पाण्यात आम्ल पडलं तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो, जीव घेणारा वायू. म्हणून चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी विकरं वापरून केस मुळातून सोडवण्यावर काम झालंय. केस अख्खा निघाला तर गाळून वेगळा काढता येतो. विरघळला तर त्यातलं नायट्रोजन आणि गंधक सगळं सांडपाण्यात जातं.