जाजमऊचे पाणी आणि स्वस्ताईचा हिशेब

मराठी वाचकाच्या मनात कानपूर हे नाव बिठूरशी जोडलेले असते. दुसऱ्या बाजीरावाचे अखेरचे वास्तव्य आणि नानासाहेबांचा उठाव यांमुळे ते गाव आपल्या इतिहासाचा भाग झाले. बिठूरवरून आलेली गंगा कानपूर शहरालगत वाहत पुढे जाजमऊला पोहोचते. जाजमऊ हे चामडे कमावण्याचे जुने केंद्र. कारखान्यांचे दूषित पाणी कमी खर्चात शुद्ध कसे करावे, याविषयीचा एक मोठा प्रयोग येथे झाला. प्रशासनात काम करणाऱ्यांनी तो बारकाईने अभ्यासावा, असे मला वाटते.

कातडे कमावताना आधी मीठ, चुना व सोडियम सल्फाइड आणि नंतर क्रोमियमचे क्षार वापरले जातात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात या रसायनांबरोबर केस, चरबी व प्रथिने असे सेंद्रिय द्रव्य भरपूर असते. ते कुजताना नदीतील प्राणवायू खाऊन टाकते आणि जलचर गुदमरतात.

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर १९८७ रोजी निकाल दिला. उद्योगाची आर्थिक कुवत हा मुद्दा येथे गैरलागू ठरवण्यात आला. किमान वेतन देऊ न शकणारा उद्योग जसा चालू राहू शकत नाही, तसाच प्राथमिक शुद्धीकरणाची सोय करू न शकणारा कारखानाही चालू राहू शकत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. तत्त्व निःसंदिग्ध होते. मात्र लहान कारखानदाराला परवडेल अशी पद्धत शोधण्याचे काम शिल्लक होते.

तोवर सर्वमान्य असलेली पद्धत १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी मांडली होती. टाकीतील पाण्यात सतत हवा मिसळायची आणि प्राणवायूवर जगणाऱ्या जिवाणूंकडून घाण खाववून घ्यायची, हे तिचे सूत्र. पद्धत खात्रीची, पण हवा भरणारी यंत्रे अहोरात्र चालवावी लागत असल्याने विजेचा खर्च मोठा.

१९७० च्या दशकात नेदरलँड्समधील वाखनिंगन येथे प्राध्यापक लेटिंगा यांनी निराळा मार्ग विकसित केला. पाणी टाकीच्या तळातून सोडायचे आणि ते गाळाच्या दाट थरातून हळूहळू वर चढू द्यायचे. त्या थरातील जिवाणूंना प्राणवायू लागत नाही. गोबर गॅसच्या टाकीत जे घडते, तेच येथेही घडते. वीज कमी लागते, गाळ कमी साचतो आणि वर जळाऊ वायू मिळतो. आपले उष्ण हवामानही या जिवाणूंना मानवते.

गंगा कृती योजनेत डच साहाय्याने हीच पद्धत जाजमऊला आली. १९८९ मध्ये रोज ५० लाख लिटर क्षमतेचा प्रायोगिक प्रकल्प झाला. १९९४ मध्ये ३ कोटी ६० लाख लिटरचा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यात कारखान्यांच्या एक भाग पाण्यात शहराचे तीन भाग सांडपाणी मिसळण्याची योजना होती. तीव्र पाणी सौम्य करण्याचा हा स्वस्त उपाय होता.

अडचणी मात्र दुसऱ्या बाजूने आल्या. चामड्याच्या पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो लोखंड खातो आणि मिथेन निर्माण करणाऱ्या जिवाणूंना बाधतो. क्रोमियम हे मूलद्रव्य असल्याने कोणताही जिवाणू ते नाहीसे करू शकत नाही. ते गाळात उतरते व गाळ खतासाठी निरुपयोगी होतो. प्रक्रिया केलेले पाणी खालच्या गावांच्या शेतीला दिले जाई. म्हणजे राहिलेल्या दोषाचा भार ज्यांनी चामड्यातून एक पैसाही मिळवला नव्हता, त्यांच्या जमिनीवर पडला.

यावर उपाय अज्ञात नव्हता. क्रोमियमचे पाणी कारखान्यातच वेगळे ठेवून त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड घातले, की क्रोमियम साक्याच्या रूपाने तळाशी बसते. गंधकाम्लात विरघळवून ते पुन्हा कातड्यासाठी वापरता येते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने या पद्धतीवर काम केले होते. सेंद्रिय द्रव्य जिवाणूंकडे सोपवावे आणि धातू उगमापाशीच अडवावा, अशी ही साधी विभागणी होती.

दुसरी उणीव आर्थिक रचनेत होती. गंगा कृती योजनेच्या पहिल्या टप्प्यात उभारणीचा पैसा केंद्राने दिला. पुढे प्रकल्प चालवण्याचा व दुरुस्तीचा भार राज्य आणि स्थानिक संस्थांवर होता. उभारणीचे उद्घाटन होते, देखभालीचे होत नाही. वीजबिल कोण भरणार आणि कारखान्यांकडून वर्गणी कोण वसूल करणार, ही उत्तरे आराखड्याइतकीच आधी ठरायला हवीत.

म्हणून एखादी पद्धत ‘स्वस्त’ असल्याची टिप्पणी समोर आली, की मी तीन गोष्टी विचारतो. दहाव्या वर्षी पैसा कोण देणार? गाळ कोठे जाणार? आणि उरलेला दोष कोणाच्या विहिरीत उतरणार? यांपैकी तिसऱ्या प्रश्नासाठी आपल्या अंदाजपत्रकात अजून रकाना नाही.